स्वतःचा आरपीसी नोड: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात घरच्या मशीनवर इथेरियम या ब्लॉकचेनचा (पुढे तिला ‘साखळी’ म्हणतो) नोड चालवतो. धुळे, शिरपूर, भुसावळ, नंदुरबारकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. पुण्या-मुंबईकडे बसून लिहिलेल्या माहितीत आपल्याकडचा मे महिना नसतो, वळवाच्या पावसात जाणारी लाइटही नसते. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो. उदाहरणं इथेरियमची घेतली आहेत. बाकीच्या साखळ्यांबद्दल शेवटाकडे थोडं सांगितलं आहे.

आरपीसी नोड म्हणजे नेमकं काय?

तुमच्या मशीनवर चालणारा एक प्रोग्राम. तो जगभरच्या इतर नोडशी बोलून साखळीची आताची स्थिती स्वतःच्या डिस्कवर ठेवतो आणि येणारा प्रत्येक नवा ब्लॉक स्वतः चालवून तपासतो. तुमचं वॉलेट किंवा ॲप त्याला प्रश्न विचारतं: या पत्त्यावर शिल्लक किती, हा व्यवहार झाला का, ताजा ब्लॉक कोणता. या प्रश्नोत्तरांची ठरलेली पद्धत म्हणजे जेसन-आरपीसी. नोडमध्ये नाणी साठत नाहीत आणि मायनिंगशी त्याचा काही संबंध नाही.

फुकट सार्वजनिक आरपीसी मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला?

शिकायला सुरुवात करताना खुशाल तेच वापरा. पण तुम्ही कोणते पत्ते तपासता, कधी तपासता, कुठल्या आयपीवरून तपासता, हे सगळं त्या सेवेला दिसतं. आणि ती जे उत्तर देईल ते तुम्ही खरं धरून चालता. शिल्लक बँकेतल्या कुणी तोंडी सांगणं आणि पासबुकात स्वतः नोंद पाहणं, यात जो फरक आहे तोच इथे आहे.

दुसरं कारण अवलंबून राहण्याचं. ११ नोव्हेंबर २०२० रोजी इन्फुरा ही मोठी आरपीसी सेवा गेथ या नोडच्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीमुळे अडकली. इथेरियमची साखळी चालूच होती, तरी कित्येक वॉलेट आणि ॲप बंद पडल्यासारखी झाली, काही क्रिप्टो एक्स्चेंजनी इथरचे, म्हणजे इथेरियमच्या नाण्याचे, व्यवहार थांबवले. सगळ्या गावाने एकाच विहिरीवर पाणी भरायचं ठरवलं की असं होतं.

हे आपल्यापासून फार लांबचंही नाही. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीचे दाखले पडताळता यावेत म्हणून त्यांच्या नोंदी पॉलिगॉन साखळीवर ठेवण्यात आल्या. अशी नोंद तपासायची तर कुठल्यातरी आरपीसी नोडलाच विचारावं लागतं. तो नोड कोणाचा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या मुलांना त्याचं उत्तर स्वतः देता यावं असं मनापासून वाटतं.

नोड चालवून पैसे मिळतात का?

नाही. साधा आरपीसी नोड एक रुपयाही देत नाही. ज्याला मोबदला मिळतो तो व्हॅलिडेटर, म्हणजे नवे ब्लॉक मांडणारा आणि त्यांवर मत देणारा. त्यासाठी किमान ३२ इथर अडकवून ठेवावे लागतात आणि ते वेगळंच काम आहे.

इथे जरा थांबून सांगतो. गावागावांत ‘नोडचं पॅकेज घ्या, महिन्याला एवढे टक्के मिळतील, खाली दोन माणसं जोडा’ असं सांगणारे एजंट फिरतात. माझ्या नात्यातल्या एका काकांनी कापसाचे आलेले पैसे अशा योजनेत घातले आणि ते गेले. त्यांना दाखवला होता तो ‘नोड’ म्हणजे मोबाइलवर वाढत जाणारा एक आकडा होता, दुसरं काही नाही. खरा नोड तुमच्या हातातल्या मशीनवर चालतो, त्याचं सॉफ्टवेअर फुकट आणि उघडं असतं आणि त्यात कोणाला जोडावं लागत नाही. घरातल्या मोठ्यांना हे समजावून सांगा.

कायद्याला चालतं का?

स्वतःच्या वापरासाठी सॉफ्टवेअर चालवायला मनाई नाही. १ एप्रिल २०२२ पासूनचा ३० टक्के कर आभासी मालमत्तेच्या नफ्यावर आहे. नुसत्या नोडमध्ये खरेदी-विक्रीच होत नाही, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. पण दुसऱ्यांची नाणी सांभाळायची किंवा बदलून द्यायची सेवा सुरू केलीत, तर मार्च २०२३ पासून मनी लॉन्डरिंग विरोधी कायद्याची बंधनं लागू होतात. कंपनी म्हणून आरपीसी विकणार असाल तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देशही वाचा. लॉग १८० दिवस ठेवणं आणि सायबर घटना सहा तासांत कळवणं त्यात आहे. त्या टप्प्यावर सीएला आणि वकिलाला विचारूनच पुढे जा.

मशीन कसं लागेल?

चार कोरचा बऱ्यापैकी नवा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी. डिस्क २ टीबीच्या खाली नको, परवडत असेल तर ४ टीबीच घ्या. जुलै २०२५ पासून इथेरियमच्या क्लायंटना (नोडच्या प्रोग्रामना) सप्टेंबर २०२२ च्या ‘मर्ज’ या मोठ्या बदलापूर्वीचा ब्लॉकचा इतिहास टाकून देता येतो, त्यात ३०० ते ५०० जीबी वाचतात. म्हणून २ टीबीत आज भागतं. पण साठा वाढतच राहणार आणि वर्षा-दोन वर्षांनी डिस्क बदलताना सगळं पुन्हा सिंक करत, म्हणजे साखळीच्या बरोबरीला आणत बसावं लागतं.

मी मिनी पीसी वापरतो. सरासरी ४० वॅट धरले तर महिन्याला २८.८ युनिट होतात. घरच्या बिलात हे आधी मिळवून पाहा, मगच वडिलांकडे विषय काढा.

घरात जुनी हार्ड डिस्क आहे, ती चालेल का?

नाही चालणार. नोडला डिस्कवर हजारो ठिकाणचे छोटे छोटे तुकडे सतत वाचावे-लिहावे लागतात. फिरणाऱ्या डिस्कचं डोकं तेवढं धावू शकत नाही, नोड कायम मागेच राहतो. सगळ्यात स्वस्त एनव्हीएमईही टाळा. ज्यावर क्यूएलसी लिहिलेलं असतं किंवा ज्यात स्वतःची डीरॅम नसते, ती सुरुवातीला पळते आणि सतत लिहिणं सुरू झालं की बसते. दुकानदाराला टीएलसी आणि डीरॅम असलेलीच मागा.

घरी चालवू की सर्व्हर भाड्याने घेऊ?

शिकायचं असेल तर घरी. दहा माणसं वापरतील असं ॲप असेल तर भाड्याने. क्लाउडवरच्या सर्व्हरला जलद डिस्क महाग पडते, शिवाय बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे वेगळे लागतात. नोड तर दिवसभर डेटा पाठवतच असतो. आणखी एक, काही परदेशी होस्टिंग कंपन्यांच्या अटींत ब्लॉकचेन नोडला सरळ मनाई आहे. पैसे भरण्याआधी अटी वाचा, नाहीतर एखाद्या सकाळी सर्व्हर बंद झालेला दिसेल.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात मशीन टिकतं का?

टिकतं, पण जागा नीट निवडावी लागते. पहिल्या वर्षी मी मशीन माळ्यावर ठेवलं होतं, घरच्यांना आवाज नको म्हणून. एप्रिल संपता संपता रोज दुपारी तीनच्या सुमाराला नोड मागे पडायला लागला. वीस ब्लॉक, चाळीस ब्लॉक. रात्री दहानंतर आपोआप बरोबरीला यायचा. चार दिवस मी पिअर (जोडले गेलेले इतर नोड) तपासले, सेटिंग बदलली, नेटवाल्याशी वाद घातला. पाचव्या दिवशी दुपारी डिस्कचं तापमान पाहिलं तर ८१ अंश. बाहेर ४४, स्लॅबखाली त्याहून जास्त, आणि डिस्क जळू नये म्हणून स्वतःच हळू चालत होती. मशीन खालच्या मजल्यावर उत्तरेच्या भिंतीला आणलं, डिस्कवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक बसवला, मागून वारा जाईल एवढी जागा सोडली. त्यानंतर मे महिन्यातही ६५ च्या वर गेलेलं नाही.

कूलरच्या झोतात मशीन कधीच ठेवू नका. गार वाटतं, पण त्या हवेत ओल असते, आणि आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार खसेवर कसे पांढरे धरतात ते तुम्ही पाहिलंच आहे. धुळीचंही तसंच. धरणगावच्या एका मित्राचं घर जिनिंगच्या मागे आहे. त्याच्या पंख्यावर हंगामात कापसाच्या तंतूंची अक्षरशः गादी बसते. महिन्यातून एकदा मशीन बंद करून ब्लोअर मारा.

लाइट गेली तर काय होतं?

गेथ अलीकडच्या ब्लॉकची स्थिती काही काळ रॅममध्ये ठेवतो आणि नीट बंद होताना डिस्कवर उतरवतो. झटक्यात वीज गेली की ते राहून जातं. पुन्हा चालू झाल्यावर तो मागच्या सुरक्षित जागेपर्यंत जातो आणि तिथून पुढे येतो. बहुतेक वेळा सावरतो. एकदा मात्र जूनच्या पहिल्या वादळात तासाभरात सहा वेळा लाइट ये-जा झाली, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली होती, आणि डेटाबेस असा बिघडला की सगळं पहिल्यापासून सिंक करावं लागलं.

म्हणून यूपीएस घ्या, राऊटरही त्यावरच लावा आणि दर दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदला. घरचा इन्व्हर्टर असला तरी तो वीज गेल्यावर क्षणभर घेतो, तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. यूपीएस यूएसबीने मशीनला जोडलात तर बॅटरी संपत आल्यावर मशीन स्वतःहून नीट बंद होतं. लिनक्सवर प्रोग्राम चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीमध्ये बंद होण्याची मुदत साधारणपणे ९० सेकंद असते, त्यानंतर तो प्रोग्रामला सरळ मारून टाकतो. ती वाढवून पाच मिनिटं करा. एवढी एक ओळ बदलल्याने माझे बरेच त्रास संपले.

गावातलं ब्रॉडबँड पुरेल का?

५० एमबीपीएस डाउनलोड आणि १५ अपलोड, एवढं खात्रीने मिळत असेल तर पुरतं. ‘अमर्यादित’ प्लॅनच्या बारीक अक्षरांत बऱ्याचदा महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते, ती तपासा.

गाठ पडते ती सीजीनॅटशी. म्हणजे नेटवाला एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांना वाटून देतो, आणि बाहेरचे नोड तुमच्याकडे स्वतःहून येऊ शकत नाहीत. राऊटरमध्ये ३०३०३ पोर्ट उघडूनही फरक पडत नाही तो याचमुळे. तरी नोड चालतो, कारण तो स्वतः बाहेरच्या नोडकडे जातो. फक्त पिअर कमी मिळतात. स्टॅटिक आयपी मागून पाहा, थोडे जास्त पैसे घेऊन बरेच जण देतात.

सॉफ्टवेअर कोणतं टाकायचं?

दोन टाकावी लागतात, आणि नवख्यांची पहिली चूक इथेच होते. १५ सप्टेंबर २०२२ च्या मर्जनंतर इथेरियमचा नोड म्हणजे जोडी झाली. एक्झिक्युशन क्लायंट व्यवहार चालवतो आणि आरपीसीला उत्तरं देतो: गेथ, नेदरमाइंड, बेसू, एरिगॉन, रेथ यांपैकी एक. कन्सेन्सस क्लायंट साखळीचं टोक कोणतं ते सांगतो: लाइटहाउस, प्रिझम, टेकू, निंबस, लोडस्टार यांपैकी एक. नुसता गेथ चालवलात तर तो बीकन (म्हणजे कन्सेन्सस) क्लायंट दिसत नसल्याचा इशारा लॉगमध्ये देत राहतो आणि एक ब्लॉकही पुढे सरकत नाही.

दोघे ८५५१ पोर्टवर बोलतात आणि एकमेकांना ओळखायला जेडब्ल्यूटीची एक गुप्त फाइल वापरतात. दोघांना तीच फाइल दाखवा, आणि दोघांच्या युजरला ती वाचायची परवानगी आहे ना ते पाहा. ‘भाऊ, मना नोड अटकी गया’ असा फोन आला की मी पहिल्यांदा हेच विचारतो. दहातल्या सहा वेळा घोळ तिथेच निघतो.

मांडायचा क्रम काय ठेवू?

उबंटूची दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती टाका, नोडसाठी वेगळा युजर करा, घड्याळ क्रोनी या प्रोग्रामने जुळवा. इथेरियमचा ठोका दर १२ सेकंदांचा आहे, घड्याळ चुकलं की कन्सेन्सस क्लायंट गोंधळतो. क्लायंट अधिकृत ठिकाणाहूनच उतरवा आणि सही पडताळा. मग जेडब्ल्यूटी फाइल, दोन सिस्टमडी सर्व्हिस, फायरवॉल. कन्सेन्सस क्लायंटला चेकपॉइंट सिंक द्या. तो अलीकडच्या पक्क्या झालेल्या बिंदूपासून मिनिटांत सुरू होतो. हा बिंदू दुसऱ्याच कोणाकडून तरी घेतलेला असतो, म्हणून त्याचा रूट (ओळखीचा हॅश) दुसऱ्या एखाद्या स्रोताशी ताडून पाहा.

पहिल्यांदा करत असाल तर मुख्य साखळीला हात न लावता हूडीवर करा. हे चाचणीचं नेटवर्क मार्च २०२५ मध्ये सुरू झालं, त्यामुळे त्याचा इतिहास तोकडा आहे. चेन आयडी ५६००४८.

सिंक व्हायला किती वेळ लागतो?

चांगली डिस्क आणि चांगली लाइन असेल तर एक-दोन दिवस. ५० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहिली तरी दिवसाला ५४० जीबीच येतात, त्यावरून अंदाज बांधा.

एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. ‘इथ_सिंकिंग’ या आरपीसी प्रश्नाला ‘फॉल्स’ असं उत्तर आलं म्हणजे सिंक पूर्ण झालं, असं सगळीकडे सांगतात. पण सिंक अजून सुरूच झालेलं नसेल तेव्हाही गेथ हेच उत्तर देतो. म्हणून सोबत ‘इथ_ब्लॉकनंबर’ विचारा. तो शून्य असेल तर पेढे वाटू नका.

८५४५ पोर्ट बाहेर उघडू का, म्हणजे मोबाइलवरूनही वापरता येईल?

नको. कृपा करून नको. या एका गोष्टीवर मी कुणाचंही ऐकत नाही.

८५४५ हा आरपीसीचा नेहमीचा पोर्ट आहे आणि तो शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात. २०१८ मध्ये असेच उघडे नोड शोधून लोकांचे इथर चोरल्याचं सुरक्षा-संशोधकांनी उघड केलं होतं. मालक व्यवहार करायला खातं क्षणभर उघडायचा आणि टपून बसलेला प्रोग्राम तेवढ्यात स्वतःच्या पत्त्यावर पैसे वळवायचा. म्हणून पहिला नियम: नोडच्या मशीनवर खाजगी किल्ली ठेवायचीच नाही. सही वॉलेटमध्ये होते, नोड फक्त सही झालेला व्यवहार पुढे पाठवतो.

दुसरा नियम: आरपीसी १२७.०.०.१ वरच बांधा. बाहेरून हवा असेल तर वायरगार्ड (व्हीपीएन) किंवा एसएसएच बोगद्यातून या. अनेकांना द्यायचाच असेल तर पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, टीएलएस, प्रत्येकाला वेगळी किल्ली आणि मिनिटाला किती विनंत्या याची मर्यादा. मॉड्यूलमध्ये इथ, नेट, वेब३ एवढीच ठेवा. ॲडमिन आणि डीबग बाहेर दिसता कामा नयेत. ८५५१ तर कोणालाच नाही.

आणि डॉकर वापरणाऱ्यांनी हे नीट वाचा. शिरपूरच्या एका मुलाने भाड्याच्या सर्व्हरवर यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये ८५४५ बंद केला होता, स्थितीही ‘बंद’च दिसत होती. तरी काही तासांत लॉगमध्ये अनोळखी ठिकाणच्या विनंत्यांची रांग लागली. कारण डॉकर पोर्ट जोडताना आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) आपले नियम थेट टाकतो आणि यूएफडब्ल्यू बाजूलाच राहतं. पोर्ट लिहिताना आधी १२७.०.०.१ आणि अपूर्णविराम लिहा, मग पुढचे पोर्टचे दोन आकडे. खात्री करायची तर मोबाइल डेटावरून स्वतःच्या सर्व्हरचा पोर्ट उघडून पाहा. उघडता आला नाही पाहिजे.

महिन्यापूर्वीची शिल्लक विचारली तर एरर का येते?

साधा फुल नोड ब्लॉक आणि पावत्या ठेवतो, पण प्रत्येक क्षणाची स्थिती ठेवत नाही. गेथ नेहमीच्या मांडणीत शेवटच्या १२८ ब्लॉकची ठेवतो, म्हणजे साधारण २५ मिनिटांची. त्याआधीचं हवं तर अर्काइव्ह नोड लागतो आणि डिस्क कित्येक टीबींनी वाढते. तेच करायचं असेल तर एरिगॉन किंवा रेथ पाहा, ते कमी जागेत बसतात. प्रकल्पाला स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या जुन्या नोंदीच (लॉग) हव्या असतील तर ‘इथ_गेटलॉग्ज’ने भागतं, फक्त एकदम लाखो ब्लॉक मागू नका. हजार-दोन हजारांच्या घासांनी घ्या.

अपडेट कधी करायचं?

क्लायंटच्या घोषणांवर लक्ष ठेवा आणि हार्ड फोर्कच्या, म्हणजे साखळीचे नियम बदलण्याच्या, आधी करा. पेक्ट्रा ७ मे २०२५ ला झाला, फुसाका ३ डिसेंबर २०२५ ला. जुनी आवृत्ती त्या क्षणी साखळीच्या मागे राहते. परीक्षेच्या दिवसांत फोर्क येत असेल तर आठवडाभर आधीच उरकून घ्या.

रोज काय पाहायचं?

माझी एक छोटी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी माझा ब्लॉक नंबर आणि एका सार्वजनिक आरपीसीचा नंबर ताडून पाहते. पाचाहून जास्त फरक पडला की टेलिग्रामवर निरोप येतो. उत्तर शून्य-एक्सने सुरू होणाऱ्या सोळाच्या पायातल्या संख्येत येतं, ते दशमानात करून घ्यायला विसरू नका. शिवाय डिस्कची मोकळी जागा आणि तापमान. जागा अगदी संपत आली की गेथ स्वतःहून बंद होतो, बिघाड झाला असं वाटतं पण तो डेटा वाचवत असतो.

बिटकॉइन किंवा सोलानाचा नोड?

बिटकॉइन शिकायला उत्तम. छाटणी लावली तर जुने ब्लॉक ५५० एमबीत बसवता येतात, सुरुवातीला सगळे उतरवून तपासावे मात्र लागतात. त्याचा आरपीसी पोर्ट ८३३२, तोही बंदच ठेवा. सोलानाच्या आरपीसीला शेकडो जीबी रॅम लागते, घरच्या मशीनचं ते काम नाही.

आखाजीला आठ दिवस घर बंद असेल, नोड चालू ठेवू का?

बंद करा. ऐन उन्हाळा, बंद खिडक्या आणि पाहायला कोणी नाही, हे तिन्ही एकत्र नको. आधी कन्सेन्सस क्लायंट थांबवा, मग एक्झिक्युशन. लॉगमध्ये डेटाबेस बंद झाल्याची ओळ दिसेपर्यंत थांबा, मग मशीन आणि शेवटी यूपीएसचं बटण. परत आल्यावर चालू केलात की आठ दिवसांचे ब्लॉक काही तासांत भरून निघतात. १८ दिवसांहून जास्त बंद राहिला तर कन्सेन्ससचा डेटा पुसून नवा चेकपॉइंट घ्या. इतर नोड ब्लॉबचा, म्हणजे ब्लॉकसोबत येणारा तात्पुरता, डेटा साधारण तेवढेच दिवस ठेवतात, त्यामुळे मधला भाग मागूनही मिळत नाही. एक्झिक्युशनचा डेटा मात्र पुसू नका, तो तिथूनच पुढे चालू लागतो.